सही आर्किटेक्टची, निर्णय कोणाचा?

घराचा आराखडा आर्किटेक्टनेच करायचा असतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. कायदा तसे म्हणत नाही. १९७२च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टने संरक्षण दिले ते फक्त नावाला. वास्तुकला परिषदेकडे ज्याची नोंदणी नाही त्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. आराखडे काढण्याचे आणि बांधकामावर देखरेख ठेवण्याचे काम इंजिनिअरांना आणि इतरांना पूर्वीसारखेच खुले राहिले, आणि विधेयकाच्या उद्देशातच ते स्पष्ट लिहिलेले होते. मार्च २०२० मध्ये नोएडा प्राधिकरणातल्या एका पदाच्या नावावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्याचा निकाल लागला, तेव्हा न्यायालयाने हीच गोष्ट पुन्हा सांगितली. कलम ३७ने बिरुद राखून ठेवले आहे, काम नाही.

त्यामुळे देशात एक लाखाहून अधिक नोंदणीकृत आर्किटेक्ट आणि चारशेहून अधिक महाविद्यालये असूनही बहुतेक घरे आर्किटेक्टशिवायच उभी राहतात. गवंडी, ठेकेदार आणि घरमालक मिळून ती बांधतात. नगरपालिकेत नकाशा दाखल करायचा असेल तर आर्किटेक्टप्रमाणेच परवानाधारक इंजिनिअर आणि ठरावीक मर्यादेत सुपरवायझरही तो दाखल करू शकतो.

दुसऱ्या बाजूला सह्यांची मागणी मात्र वाढत चालली आहे. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के पैसे बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. त्यातून पैसे काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट अशा तिघांची प्रमाणपत्रे लागतात. काम कुठवर आले, इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही, ती राहायला योग्य आहे का, अशा प्रत्येक टप्प्यावर आर्किटेक्टने लिहून द्यायचे असते. उद्या या व्यवसायात येणाऱ्या मुलामुलींपुढच्या अडचणी मोजताना लोक आधी कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतात. मला त्याहून जुनी आणि खोल अडचण दिसते ती ही: आर्किटेक्टच्या सहीचे वजन वाढत गेले आणि त्याच्या शब्दाचे कमी होत गेले.

हे नेहमी असे नव्हते. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात आधी नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग निघाला आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वास्तुकलेचा पूर्ण अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्यांच्या संघटनेतून सुरू झालेल्या संस्थेने १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव घेतले. याच काळात बॅकबेच्या भरावावर नवी वस्ती उभी राहत होती आणि तिथे जे.जे.मधून बाहेर पडलेल्या भारतीय तरुणांना काम मिळाले. गजानन बाबुराव म्हात्रे त्यांच्यातले अग्रणी. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा १९३७ चा 'सूना महल' त्यांचा. आरसीसी तेव्हा नवे होते. म्हात्रे आणि त्यांच्या समकालीनांनी त्या नव्या साहित्याचा उपयोग खिडक्यांवर सलग पातळ छज्जे काढायला आणि कोपऱ्यांवर वळणाऱ्या गॅलऱ्या लोंबत्या ठेवायला केला. पावसाची झड अडली, ऊन अडले आणि समुद्राचा वारा आत आला. दर्शनी भागाची शोभा आणि घरातला गारवा, दोन्हींची जबाबदारी एकाच माणसावर होती. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारतींना २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यातल्या बहुतेक साध्या भाड्याच्या सदनिका होत्या, हे मला त्या मान्यतेपेक्षा महत्त्वाचे वाटते.

त्या गॅलरीचे पुढे काय झाले, हे सविस्तर पाहण्यासारखे आहे.

भूखंडावर किती बांधायचे याची मर्यादा म्हणजे एफएसआय. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडाला एफएसआय एक असेल तर सगळे मजले मिळून एक हजार चौरस मीटर बांधता येते. मुंबईत साठच्या दशकात ही पद्धत आली, आणि जमिनीची किंमत जशी चढली तशी एफएसआयच्या प्रत्येक चौरस फुटाची किंमत चढली. मग त्यात काय मोजायचे आणि काय नाही, हा प्रश्न पैशाचा झाला. १९९१च्या मुंबईच्या नियमावलीत मजल्याच्या क्षेत्राच्या १० टक्क्यांपर्यंतची बाल्कनी एफएसआयमधून वगळली होती. हेतू चांगला होता, लोकांना सावली आणि मोकळी हवा मिळावी हाच. पण पैसे भरून ती बंद करण्याची परवानगी मिळू लागली आणि नकाशावरची बाल्कनी ताबा मिळेपर्यंत खोलीचा भाग होऊ लागली. तीच गत फ्लॉवर बेड आणि 'एलिव्हेशन फीचर' यांची झाली. जे मोजले जात नाही ते काढायचे आणि विकायचे, ही पद्धत पडली.

जानेवारी २०१२ मध्ये सरकारने हे बंद केले. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे सगळे एफएसआयमध्ये धरले जाऊ लागले आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्के 'फंजिबल' एफएसआय मिळू लागला. गैरप्रकार थांबवण्यासाठी हे गरजेचे होते, यात शंका नाही. पण आता बाल्कनीचा एक चौरस फूट आणि दिवाणखान्याचा एक चौरस फूट सारख्याच दराने मोजला जातो. बिल्डर दिवाणखाना निवडतो. नंतरच्या कितीतरी इमारतींच्या भिंती सपाट झाल्या, काचा उघड्या राहिल्या आणि त्यावर दुपारचे ऊन थेट येऊ लागले. घर घेणारा पहिल्या उन्हाळ्यात एसी लावतो. हा सगळा घटनाक्रम घडताना कोणत्याही आर्किटेक्टला गॅलरी नको होती असे नाही. गॅलरी ठेवायची की नाही हे ठरण्याची जागा त्याच्या टेबलावरून हिशेबाच्या तक्त्यात गेली होती.

उर्वरित महाराष्ट्रात डिसेंबर २०२०च्या एकत्रित नियमावलीने बऱ्याच शहरांचे नियम एकसारखे केले, हे चांगले झाले. पण मूळ एफएसआय, अधिमूल्याचा, टीडीआरचा (हस्तांतरणीय विकास हक्काचा) आणि वर ६० टक्क्यांपर्यंत 'अ‍ॅन्सिलरी' अशी बेरीज करत राहणे हे आज पुण्या-नाशिकच्या कित्येक कार्यालयांत नव्या आर्किटेक्टचे पहिले शिक्षण असते. मुंबईत त्यात आयओडी, सीसी, ओसी या परवानग्यांच्या फायली सांभाळणारे 'लायझनिंग'चे काम आले. हे काम हलके नाही, त्यासाठी कसब लागते. मात्र पाच वर्षे जागा, प्रकाश आणि माणसे यांचा विचार करायला शिकलेल्याने आपली सगळी हुशारी भूखंडातून शेवटचा चौरस फूट काढण्यात खर्च करावी, यात समाजाचे नुकसान आहे.

ते नुकसान कुठवर जाते हे मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत दिसते. प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत सवलतीच्या नियमांमुळे उंच इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवे लावावे लागतात. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसोबत केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रकाश आणि वारा कमी असलेल्या घरांचा क्षयरोगाशी संबंध त्यात दिसून आला. जवळच्याच, इमारतींत जास्त अंतर असलेल्या वसाहतीत हे प्रमाण बरेच कमी होते. या इमारतींचे नकाशे नियमांत बसत होते आणि त्यावर रीतसर सह्या होत्या. वास्तुकलेचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी मरीन ड्राइव्हबरोबर ही वसाहतही दाखवायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

राहण्याजोग्या घराचा प्रश्न आता पुनर्वसन वसाहतींपुरता उरलेला नाही. मोठ्या गृहप्रकल्पांत अ‍ॅल्युमिनियमचे साचे, बोलीभाषेत 'माइव्हन', सर्रास वापरले जातात. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतायचे. मजला आठ-दहा दिवसांत तयार. विटा रचायला गवंडी लागत नाहीत, प्लास्टरचा खर्च वाचतो, कर्जावरचे व्याज वाचते. पण साधारण १५० ते १६० मिलिमीटर जाडीच्या त्या काँक्रीटच्या भिंतीतून, तेवढ्याच जाडीच्या एएसी ब्लॉकच्या मानाने उष्णता कितीतरी जास्त आत येते. शिवाय ती भिंत भार घेते, म्हणून पुढे कुटुंब वाढले तरी खिडकी मोठी करता येत नाही की दोन खोल्यांची एक करता येत नाही. विदर्भात, मराठवाड्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो त्या शहरांतही हीच पद्धत पोचली आहे. साहित्याची निवड बांधकामाच्या वेळापत्रकावरून झाली. आर्किटेक्टकडे आली तेव्हा ती ठरलेलीच होती.

यावर एक उपाय कागदावर तयार आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांमधून घरात येणाऱ्या उष्णतेचे सरासरी माप तीत ठरवले असून बहुतांश हवामानांत ते दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवायचे आहे. हे गणित करायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. खिडकीचे क्षेत्र, तिची दिशा, छज्ज्याची खोली, भिंतीचे साहित्य एवढ्या आकड्यांवर ते होते. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. ज्या दिवशी महापालिका एफएसआयइतक्याच काटेकोरपणे हा आकडा तपासू लागतील, त्या दिवशी छज्ज्याला हिशेबाच्या तक्त्यात स्वतःची ओळ मिळेल. तेव्हा हे गणित येणारे, आणि ते बिल्डरला समजावून सांगणारे आर्किटेक्ट लागतील. आज ते कमी आहेत.

कमी का आहेत, तर शिक्षणाच्या रचनेमुळेही. बारावीनंतर नाटा परीक्षा, मग पाच वर्षांची बी.आर्क., त्यात साधारण एक सत्र एखाद्या कार्यालयात उमेदवारी, आणि पदवी हाती पडली की परिषदेकडे नोंदणी. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत पदवीनंतर काही वर्षे हाताखाली काम करून वेगळी परीक्षा द्यावी लागते, तेव्हा कुठे सही करण्याचा अधिकार मिळतो. आपल्याकडे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला तो पहिल्याच दिवशी मिळतो. पाच वर्षांत त्यांनी असंख्य ज्युरी दिलेल्या असतात, रात्र-रात्र जागून मॉडेल केलेली असतात, पण ओळंबा हातात धरून भिंत रचलेली नसते, सेंटरिंग उतरवतानाचा स्लॅब पाहिलेला नसतो. महाविद्यालये इतक्या वेगाने वाढली की अनुभवी शिक्षक तेवढे मिळाले नाहीत. अनेक वर्गांत आता मुलींची संख्या मुलांहून अधिक असते. देशातल्या पहिल्या महिला आर्किटेक्ट मानल्या जाणाऱ्या पेरिन मिस्त्री यांनी जे.जे.मधून १९३६ साली पदविका घेतली तेव्हापासून हा प्रवास किती पुढे आला आहे ते यातून कळते. पण साइटवर साधे स्वच्छतागृह नसणे, रात्री उशिरापर्यंतचे काम आणि तुटपुंजा पगार यामुळे त्यातल्या बऱ्याच जणी दहा वर्षांत व्यवसायाबाहेर पडतात, आणि याबद्दल व्यवसायाच्या संघटना पुरेसे बोलत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न मला इथे येऊन जोडावासा वाटतो. दोन ओळी लिहिल्या की संगणक इमारतीची देखणी चित्रे काही सेकंदांत देतो. भूखंडाची मापे आणि नियम दिले की मजल्याचे पर्यायी आराखडे काढून देणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. नकाशा नियमात बसतो का हे तपासणारी सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या महापालिका बरीच वर्षे वापरतात. नागपूर मेट्रोच्या उभारणीत त्रिमिती प्रतिकृतीला वेळ आणि खर्च जोडणारी फाइव्ह-डी बीआयएम पद्धत वापरली गेली. म्हणजे क्षेत्रफळाचे तक्ते, दरवाजे-खिडक्यांच्या याद्या, नियमांची पडताळणी आणि आकर्षक दृश्ये ही कामे यंत्राकडे जाणार, यात फारशी शंका नाही.

आर्किटेक्टची गरज संपेल असे मला यातून वाटत नाही. काळजी आहे ती शिकण्याच्या पायरीची. नवा मुलगा कार्यालयात येतो तेव्हा त्याला जिन्याचा छेद काढायला देतात. तो काढताना पायरी, टप्पा, डोक्यावरची उंची, खालच्या तुळईची खोली यांची सांगड त्याला घालावी लागते. चूक होते, वरिष्ठ लाल पेनाने दुरुस्त करतात, पुढच्या वेळी जिना डोळ्यांपुढे उभा राहतो. ही कंटाळवाणी कामेच त्याची शाळा होती. ती यंत्राने केली तर कार्यालयाचे पैसे वाचतील, आणि दहा वर्षांनी यंत्राने काढलेला जिना चुकला आहे हे ओळखणारा माणूस कार्यालयात नसेल. सही मात्र माणसालाच करावी लागेल. म्हणून पदवी आणि सहीचा अधिकार यांच्यामध्ये निदान दोन वर्षांची, पगारी आणि निम्मी तरी साइटवर होणारी उमेदवारी सक्तीची करायला हवी. विद्यार्थ्यांना हे ओझे वाटेल, तरी त्याने त्यांचेच रक्षण होईल.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. परिषदेने शुल्काची शिफारस केलेली आहे, पण ती बाजारात पाळली जात नाही. खासगी कामांत चौरस फुटावर दर पडतो आणि काम मिळवण्यासाठी सुरुवातीचा आराखडा फुकट करून देण्याची अपेक्षा असते. सरकारी कामांच्या निविदांत गेल्या तीन वर्षांची उलाढाल, तशाच प्रकारच्या कामाचा अनुभव आणि शेवटी सर्वांत कमी दर या अटी असतात. चार्ल्स कोरिया यांनी १९५८ साली मुंबईत कार्यालय थाटले आणि साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. कौलारू छपरांच्या, विटांच्या खांबांच्या त्या साध्या मांडणीने देशाला नवी वाट दाखवली. आजच्या अटी तेव्हा असत्या तर कोरियांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. शाळा, ग्रामीण रुग्णालये, बसस्थानके अशा लहान सार्वजनिक कामांसाठी खुल्या स्पर्धा घ्याव्यात, त्यात नावे झाकून आराखडे तपासावेत, आणि त्यातली काही तरुणांसाठी राखून ठेवावीत, एवढे राज्य सरकारला सहज करता येईल.

या व्यवसायाने लोकांशी नाते जोडले तिथे त्याला शब्दाचे वजन परत मिळाले आहे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत बहुतेक कुटुंबांना पूर्ण घर दिले नाही. जोते, संडास-न्हाणीघर, पाणी आणि एखादी खोली देऊन उरलेले घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी ती योजना होती. नव्या मुंबईत बेलापूरला कोरियांनी लहान लहान अंगणांभोवती सात-सात घरे मांडली आणि शेजाऱ्यांची भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. तिथली अनेक घरे आज मालकांनी पाडून दोन-तीन मजली केली आहेत आणि ते योजनेत बसणारेच आहे.

सर्वांत मोठा धडा मात्र आपल्या किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंपात सुमारे ८ हजार माणसे मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि माळवदाची माती अंगावर आली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आखीव चौकटीतले रुंद रस्ते आणि सुटी सुटी आरसीसी घरे लोकांना मिळाली, पण ओसरी, बोळ, गुरांची जागा आणि भावकीचे शेजारपण त्यात विरून गेले. त्याच वेळी कमी नुकसान झालेल्या गावांत वेगळी पद्धत वापरली गेली. लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः केले. सरकारने हप्त्यांत पैसे दिले, इंजिनिअरांनी भिंतीला पट्टे कसे बांधायचे आणि कोपरे कसे जखडायचे ते दाखवले, आणि गावातल्या महिला मंडळांमधून नेमलेल्या 'संवाद सहायक' स्त्रियांनी ही माहिती घरोघर पोचवली. ज्ञान गावात राहिले, कारण ते गवंड्याच्या हातात आणि घरातल्या बाईच्या कानावर गेले होते.

आज पंतप्रधान आवास योजनेच्या एका घटकात लाभार्थ्याला स्वतःच्या जागेवर घर बांधायला थेट पैसे मिळतात, पण खिडकी कोणत्या दिशेला काढावी हे सांगायला बहुतेक ठिकाणी कोणी नसते. फ्रान्सने १९७७च्या वास्तुकला कायद्यात ठरावीक क्षेत्रफळावरच्या बांधकामाला आर्किटेक्ट सक्तीचा केला आणि त्याचबरोबर जिल्ह्या-जिल्ह्यांत सल्लाकेंद्रांची तरतूद केली. घर बांधणारा सामान्य माणूस तिथे जाऊन आर्किटेक्टशी विनामूल्य बोलू शकतो. महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस असे केंद्र चालवायला मोठा खर्च नाही. नव्या पदवीधरांच्या सक्तीच्या उमेदवारीतले सहा महिने अशा केंद्रात मोजले गेले तर माळशिरसच्या किंवा उदगीरच्या घरमालकाला पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किती खोल हवा ते कळेल, आणि सही करण्याआधी त्या तरुण आर्किटेक्टने निदान शंभर घरांचे नकाशे घरात राहणाऱ्यांसमोर बसून काढलेले असतील.